बुजलेला अनुस्वार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वर्षीची, नवरात्राच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. संध्याकाळी दाराची बेल वाजली. उघडून पाहतो तर आमच्या कल्याणच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी उभ्या. हातात पोस्टकार्डाएवढं पातळ, निळसर कापड होतं आणि चेहरा अगदी उतरलेला.

"भाई, तुम्ही पूर्वी स्क्रीन प्रिंटिंग करायचात ना? हे बघा ना जरा. निघतच नाही."

मी ते कापड ट्यूबलाइटसमोर धरलं. त्यावर कोयरीची बारीक नक्षी होती. नक्षीच्या रेघांतून उजेड आरपार यायला हवा होता, पण निम्म्याअधिक रेघा पांढऱ्या रंगानं बंद झाल्या होत्या. मी विचारलं, "छापता छापता मध्ये उठलात का?"

वहिनी म्हणाल्या, "कुकरची शिट्टी झाली म्हणून गेले, तेवढ्यात आईचा फोन आला. दहाच मिनिटं, हो."

दहाच मिनिटं! श्रोतेहो, या दहा मिनिटांशी माझा जुना हिशेब आहे. तो पुढे सांगेनच. आधी वहिनी काय करत होत्या ते सांगतो, कारण मलाही ते त्याच दिवशी नीट कळलं.

यजमानांची नोकरी गेल्यापासून वहिनी घरी कानातली करतात. सोन्याची नव्हेत, मातीची. या मातीला पॉलिमर क्ले म्हणतात. नाव मातीचं असलं तरी तिच्यात माती कणभरही नसते. पाण्याचे पाइप ज्या पीव्हीसीचे होतात तेच प्लास्टिक, मऊ राहावं म्हणून तेलासारखं द्रव्य मिसळून मळलेलं. हवेवर ती वाळत नाही. हवा तो आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायचं, की कडक होते. जर्मनीत केटे क्रूझे नावाच्या बाई कापडी बाहुल्यांसाठी प्रसिद्ध होत्या. त्यांच्या एका लेकीनं घरच्या घरी असला मळलेला प्लास्टिकचा गोळा वापरून पाहिला, रंग घालून विकला. घरात तिला फिफी म्हणत. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या पेन्सिली करणाऱ्या कंपनीनं तो प्रकार घेतला आणि फिफीच्या नावावरून 'फिमो' हे नाव बाजारात आलं. म्हणजे हा धंदा मुळातच स्वयंपाकघराच्या ओट्यावर जन्मलेला. डोंबिवलीच्या आणि कल्याणच्या ओट्यांवर तो आला यात नवल नाही.

या मातीच्या सपाट पोळीवर नक्षी उमटवायची तर हातानं साठ जोड एकसारखे रंगवणं अशक्य. म्हणून ही जाळी. ज्या पद्धतीनं मी ऐन तारुण्यात लग्नपत्रिका छापल्या तीच ही पद्धत, फक्त चौकट गेली आणि आकार तळहाताएवढा झाला. वहिनींच्या हातातलं ते कापड पाहून मला एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाचं लहान मूल भेटावं तसं झालं.

ही जाळी म्हणजे काय? मुळात पिठाची चाळण. युरोपातल्या गिरण्यांत पीठ चाळायला रेशमाचं फार बारीक, एकसारख्या विणीचं कापड लागे. छपाईवाल्यांनी तेच उचललं. कापड चौकटीवर ताणायचं, नको तिथली भोकं बुजवायची, हवी तिथली उघडी ठेवायची आणि वरून शाई ओढायची. शाई उघड्या भोकांतून खाली उतरते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यानं १९०७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे रेशमाच्या जागी नायलॉन आणि पॉलिएस्टर आलं, पण 'सिल्क स्क्रीन' हे नाव तसंच राहिलं, जसं आपण प्लास्टिकच्या पेल्यालाही ग्लास म्हणतो.

अमेरिकेतल्या अँडी वॉरहॉलनं १९६२ च्या ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो गेल्यानंतर तिचा चेहरा याच पद्धतीनं कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा छापला. त्यातल्या एका चित्रात तिचे पन्नास चेहरे आहेत. डाव्या अर्ध्यात भडक रंग, उजव्या अर्ध्यात फक्त काळा. उजवीकडचे चेहरे कुठे शाईनं भरून गेलेत, कुठे पुसट होत होत विरून गेलेत. जाणकार त्यात मृत्यू पाहतात, आणि ते खरंही असेल. मी पुस्तकात ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "याची स्क्रीन धुतलेली नाही!"

हे माझ्या तोंडून का निघालं ते आता सांगतो.

मी बी.ए. झालो ते १९९१ मध्ये, मराठी घेऊन. नोकरी नव्हती. कविता होत्या, पण त्यांना कोणी पगार देत नव्हतं. अब्बांच्या ओळखीचे एक गृहस्थ दूधनाक्याच्या पुढे एका चाळीच्या तळमजल्यावर स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा कारखाना चालवत. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणत असू. दोन टेबलं, एक काचेची पेटी, तिच्यात आठ ट्यूबलाइट, भिंतीला दोऱ्या आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पत्रिका. उस्ताद नमाजी माणूस. त्यांच्या हातून दर मोसमात शेकडो गणपती, कलश आणि मंगलाष्टकं छापून जात. पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड डावीकडे की उजवीकडे, हे गिऱ्हाईकाला न विचारता ते काम सुरू करत नसत.

काम असं चाले. मजकूर काळ्या शाईनं ट्रेसिंगवर उतरवायचा. अंधाऱ्या खोलीत जाळीवर प्रकाशाला बिचकणारं रसायन पातळ लेपायचं आणि वाळवायचं. मग ट्रेसिंग काचेवर, त्यावर जाळी आणि खालून ट्यूबलाइट. जिथे उजेड लागतो तिथे लेप घट्ट होतो. जिथे काळ्या अक्षरांनी उजेड अडवला, तिथे तो मऊच राहतो आणि पाण्यानं धुतला की निघून जातो. म्हणजे अक्षराच्या जागी भोकं. मग रबराच्या पट्टीनं, तिला आम्ही स्क्वीजी म्हणतो, शाई ओढायची. एक ओढ, एक पत्रिका. कापडावर छापायचं तर एका सेंटिमीटरला चाळीस-पंचेचाळीस धाग्यांची जाळी पुरते. बारीक अक्षराच्या पत्रिकेला शंभर-एकशेवीस धाग्यांची लागते. इतक्या लहान भोकांत शाई वाळायला फार वेळ लागत नाही.

पहिले चार महिने उस्तादांनी मला स्क्वीजीला हात लावू दिला नाही. माझं काम एकच, स्क्रीन धुणं. रॉकेल, चिंध्या आणि पाणी. मला राग यायचा. पदवी घेतलेला माणूस मी, आणि चिंध्या पिळतोय. उस्ताद धुतलेली प्रत्येक स्क्रीन दारात नेऊन उजेडासमोर धरत आणि कोपऱ्यातला एखादा मोहरीएवढा डाग दाखवून परत देत. बोलत काहीच नसत.

पुढे छपाई हाती आली. १९९३ चा मे महिना. लग्नांचा मोसम, दिवसाला दोन-तीन ऑर्डरी. एका दुपारी मी डोंबिवलीच्या एका घरच्या पत्रिका छापत होतो. शंभरेक झाल्या असतील, आणि मला एक ओळ सुचली. हसू नका, पण त्या वयात सुचलेली ओळ म्हणजे सुटणारी गाडी वाटते. मी स्क्वीजी तशीच जाळीवर टेकवली, एका बिघडलेल्या पत्रिकेच्या पाठीवर ती ओळ लिहिली, मग दुसरी, मग तिसरी. दहाच मिनिटं. डोक्यावर पंखा गरगरत होता. परत येऊन छपाई सुरू केली. ठोक पाहिलं तर अक्षरं स्वच्छ. तीनशे पत्रिका झाल्या.

संध्याकाळी मुलीचे वडील न्यायला आले. एक पत्रिका त्यांनी उचलली, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या मुलीच्या नावात एक अनुस्वार होता. तो छापलाच गेला नव्हता. बाकी सगळी अक्षरं मोठी, रुंद. त्यांतली शाई ओली राहिली. तो एवढासा ठिपका मात्र माझ्या दहा मिनिटांत वाळून बंद झाला. पहिल्या शंभर पत्रिकांवर अनुस्वार होता. पुढच्या दोनशेंवर नव्हता.

ते गृहस्थ ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते हो. मुलीचं नावच अर्धं छापलेलं कसं ठेवू?"

नवा कागद त्या दिवशी बाजारात मिळणार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची माणसं पत्रिका घेऊन गावोगाव निघणार होती. उस्तादांनी त्यांना चहा पाजला, फजरच्या नंतर या म्हणाले, मग स्वतःच "म्हणजे पहाटे सहाला" असा खुलासा केला. ते गेल्यावर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हिशेब करून घरी पाठवतील. ते म्हणाले, "पढालिखा आदमी, और नुक्ता खा गया?"

उर्दूत वरचा नुक्ता खाली आला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मराठीत ठिपका गेला की माणसाच्या लेकीचं नाव जातं, हे त्या दिवशी कळलं.

रात्रभर आम्ही दोघं बसलो. उस्तादांनी मरून शाई वाटीत काढली, दोन टाचण्या घेतल्या आणि टाचणीचं डोकं शाईत बुडवून अनुस्वार कसा टेकवायचा ते दाखवलं. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. ब्रशानं ठिपका पसरतो, टाचणीनं गोल येतो. दोनशे अनुस्वार. पन्नासनंतर माझा हात थरथरायला लागला, तेव्हा उस्ताद माझ्याही वाटणीचे देऊ लागले. पहाटे पत्रिका गेल्या. चांगल्यापैकीच एक देवापुढे गेली असेल. पण त्या दोनशेंतलीही एखादी गेली असली तरी मला आता वाईट वाटत नाही, कारण तिच्यावरचा अनुस्वार हातानं दिलेला होता.

ती ओळ, जिच्यासाठी हे झालं, ती आज आठवत नाही. तो कागद मी त्याच सकाळी फाडून टाकला.

असो. तर वहिनींची जाळी.

त्यांचा रंग रॉकेलनं निघणाऱ्या शाईचा नव्हता, अ‍ॅक्रिलिकचा होता. तो ओला असताना पाण्यात विरघळतो, पण त्यातलं पाणी उडालं की आतले प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटून एकसंध होतात. मग पाणी कितीही ओता, तो परत विरघळत नाही. म्हणून अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत 'नंतर धुऊ' हा शब्दच चालत नाही. आम्ही ती जाळी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजवली. उकळतं पाणी घेतलं नाही, कारण त्यानं जाळीचा लेप सैल होऊ शकतो. मग लहान मुलाच्या मऊ टूथब्रशनं, दोन्ही बाजूंनी, गोल गोल. काही रेघा उघडल्या. उरलेल्यांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेतलं. आधी कोपऱ्यात लावून पाहिलं की लेप तर निघत नाही ना, मग रंगावर टेकवलं. थिनर मी हाताळू दिला नाही. तो रंग काढतो तसा नक्षीही काढतो.

बऱ्याच रेघा मोकळ्या झाल्या. कोयरीच्या पोटातल्या चार शिरा मात्र उघडल्याच नाहीत. श्रोतेहो, मी तुम्हाला जादूची युक्ती सांगायला आलेलो नाही. पूर्ण वाळलेली जाळी पूर्ण वाचत नाही. वाचवायची ती आधीच.

ती कशी, ते सांगतो. घरी हा उद्योग करणाऱ्या बऱ्याच भगिनी ऐकत असतील, म्हणून क्रमानं सांगतो.

छापायला बसण्याआधी पंखा बंद करा. आपल्याकडे ऑक्टोबरात हे कठीण जातं, पण अर्ध्या जाळ्या पंख्यानंच मरतात. शेजारी पाण्याची पसरट परात भरून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. माती लाटून सपाट करा, तिच्यावर बोटांचं तेल किंवा धूळ नको. जाळीची लेप असलेली गुळगुळीत बाजू मातीकडे, कापडाची खरखरीत बाजू वर. बोटानं हलकेच दाबून ती मातीला चिकटू द्या, म्हणजे खाली रंग पसरत नाही. रंग दाट हवा, श्रीखंडासारखा. ताकासारखा पातळ असेल तर नक्षीच्या कडांखाली शिरतो. जाळीच्या एका टोकाला रंगाची रेघ घाला, जुनं एटीएम कार्ड तिरकं धरा आणि एका ओढीत खाली आणा. फार तर दोन ओढी. पुन्हा पुन्हा ओढलं की रंग भरून जातो. मग जाळी एका कोपऱ्यापासून सोलल्यासारखी उचला आणि तशीच परातीत पाण्याखाली घाला. कुठे टेकवायची नाही, नक्षी कशी आली ते आधी बघायचं नाही. जाळी पाण्यात गेल्यावर मग कानातलं बघा.

लागोपाठ चार-पाच छापायची असतील तर माती आधीच लाटून ओळीनं मांडून ठेवा आणि न थांबता छापा. दर चार-पाच छापांनंतर धुवा. वारली नक्षी असेल तर आणखी लवकर, कारण त्या माणसांचे हात-पाय म्हणजे नुसत्या काड्या. मोठी वर्तुळं राहतात आणि आधी हात-पाय जातात.

धुताना जाळी तळहातावर सपाट ठेवा, मऊ ब्रश, वाहतं साधं पाणी. चोळायचं नाही, पिळायचं नाही, घडी घालायची नाही. मग टॉवेलवर टिपा आणि दिव्यासमोर धरा. सगळ्या रेघांतून उजेड दिसला, तरच ती धुतली गेली. वाळल्यावर दोन कागदांच्या मध्ये सपाट ठेवा. आणि जाळी मातीवर विसरून भट्टीत मात्र घालू नका.

छापलेला रंग आधी हवेवर पुरता वाळू द्या, मग भाजा. पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा. साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या मधलं असतं ते. अंदाजानं वाढवू नका. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर येतो आणि तो डोळ्यांना, छातीला वाईट. मी वहिनींना विचारलं, भाजता कशात? त्या म्हणाल्या, घरच्याच ओव्हनमध्ये, धाकट्याचा केकही त्यातच होतो. तिथे मात्र मी मोठ्या भावासारखा रागावलो. मातीची भट्टी वेगळी, खाण्याची वेगळी. लाटणं, सुरी, ताट सगळं वेगळं. खिडकी उघडी. नवा ओव्हन परवडत नव्हता, म्हणून एक जुना छोटा शोधला. साठ जोडांतल्या दहा जोडांचे पैसे त्यात गेले. तरी तो घेतलाच.

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो त्यालाही कारण आहे. आमच्या कारखान्यात लेपासाठी बायक्रोमेट वापरत. नारिंगी रंगाचं, देखणं रसायन. उजेडाला ते घट्ट होई म्हणून आम्हाला प्रिय. त्यातलं क्रोमियम विषारी असतं, कातडी खातं, कर्करोगाला कारण होऊ शकतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. उस्तादांच्या बोटांच्या बेचक्यांत बारा महिने भेगा असत. पत्रिका मोजताना त्यांच्या हाताला रक्त यायचं आणि ते कागदाला लागू नये म्हणून ते बोटांना चिंधी बांधत. आम्ही सगळे ते पाहत होतो. हातमोजे जांभळी नाक्यावर काही रुपयांना मिळत होते. ते आणावेत, हे बी.ए. झालेल्या मला एकदाही सुचलं नाही. उस्ताद आता नाहीत. ते कशानं गेले ते वेगळं, पण ते हात मला दिसतात.

आणि ते पिवळं पाणी? ते आम्ही चाळीच्या मागच्या गटारात ओतत असू. गटाराचं पाणी कुठे जातं ते कल्याणकरांना ठाऊक आहे. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराच्या शेजारून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून येऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते, आणि पुढे खाडी. त्या वालधुनीवरून आज गाडी जाते तेव्हा आपण नाकाला रुमाल लावतो आणि कारखान्यांना नावं ठेवतो. ठेवावीतच. पण तीत आमच्याही बादल्या आहेत.

म्हणून वहिनींना शेवटचा नियम सांगितला. अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे प्लास्टिकच. उरलेला रंग कार्डानं खरवडून परत डबीत घाला. कार्ड आणि जाळीची कड आधी जुन्या वर्तमानपत्राला पुसा. मग परातीतल्या थोड्या पाण्यात धुवा. ते पाणी रात्रभर एका बादलीत ठेवा, गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी ओता, गाळ कागदावर वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. याला रोज दोन मिनिटं लागतात. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रंगानं काय होतंय? आम्हीही हेच म्हणत होतो.

आता त्या साठ जोडांचं काय झालं? चार शिरा बंद असलेल्या जाळीनं काम भागणार नव्हतं, नवी मागवायला वेळ नव्हता. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण आगाऊ घेतलेले पैसे त्यांनी मुलाच्या फीमध्ये भरले होते, हे माझ्या बायकोला माहीत होतं. रात्री तिनंच शिडी लावली आणि माळ्यावरून माझी जुनी चौकट खाली काढली. त्या चौकटीवर मी माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ छापलं होतं, तीनशे प्रती, स्वतःच्या हातानं. लग्नपत्रिका आधी ऑफसेटकडे आणि मग मोबाइलवर गेल्या, उस्तादांचा कारखाना बंद झाला, मी ठाण्याला एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो. अनुस्वार शोधायचं काम! तेव्हापासून ती चौकट माळ्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी नवी जाळी आणली आणि लेपही आणला. बायक्रोमेट नव्हे, हल्ली मिळणारं डायझोचं, पाण्याच्या रंगालाही टिकणारं. हातमोजे घातले. कोयरी ट्रेसिंगवर काढली आणि गच्चीवर उन्हात धरली. पहिली फुकट गेली. ऑक्टोबरच्या उन्हात वेळ जास्त झाला, लेप सगळाच घट्ट बसला, धुतल्यावर एक रेघ उघडली नाही. माझे हात विसरले होते. दुसऱ्या वेळी आधी छोट्या तुकड्यांवर निरनिराळे वेळ देऊन पाहिले, मग जाळी धरली. नळाखाली नेली तेव्हा कोयरी एकेक शीर करत उघडत गेली. जाळी चौकटीतून कापून वहिनींना दिली. साठ जोड अष्टमीच्या आधी डोंबिवलीला पोचले.

उरलेल्या जाळीवर वहिनींनी हट्टानं आणखी एक नक्षी करून घेतली. हल्ली मुलींना मराठी अक्षरांची कानातली आवडतात म्हणे. एका कानात 'अं', दुसऱ्या कानात 'अः'. मी म्हटलं, हे कोण घालणार? तर पहिला जोड माझ्याच मुलीनं घेतला.

परवा त्यांच्याकडे काही कामासाठी गेलो होतो. त्या 'अं' छापत होत्या. छापून झालं, जाळी परातीत गेली, ब्रश फिरला, टॉवेलवर टिपली गेली. मग वहिनी उठल्या, खिडकीत गेल्या आणि जाळी उजेडासमोर धरून डोळा बारीक करून पाहू लागल्या. मी काही न विचारता त्याच म्हणाल्या, "अनुस्वार उघडा आहे, भाई."

मला उस्ताद आठवले. ते दारात नेमके असेच उभे राहत.

श्रोतेहो, तुम्ही घरी काहीही करत असा, कानातली असोत, पापड असोत, शिवण असो. काम संपल्यावरची दहा मिनिटं हातची ठेवा. आपण ती नेहमी उद्यावर टाकतो, आणि उद्या नेमका अनुस्वार गेलेला असतो.